दापोड्याचे अपघात: महिन्याचा तक्ता आणि जकातीचा वारसा

महिना संपला की पोलीस ठाण्यांच्या नोंदींतून अपघातांची गोळाबेरीज होते, ती वरच्या कार्यालयात जाते, तिथून वर्तमानपत्रांकडे येते आणि बातमी तयार होते: अमुक महिन्यात अपघात वाढले, तमुक महिन्यात घटले. कारणेही ठरलेली असतात. जूनमध्ये पाऊस, जुलैत खड्डे, डिसेंबरात दारू, जानेवारीत धुके आणि बाराही महिने भरधाव वेग. भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यासारख्या गावासाठी हा तक्ता वाचायला बसले की घोडे इथेच पेंड खाते. गाव लहान, ग्रामपंचायतीचे. पण त्याच्या दारातून जाणारी वाहतूक नाशिक, गुजरात, न्हावा-शेवा आणि मुंबई या चार दिशांची. अशा ठिकाणी एका महिन्याची पुढच्या महिन्याशी तुलना करून हाती फार थोडे लागते. इथल्या अपघातांचे मूळ मुंबईच्या जकातीत, भातशेतीवर टाकलेल्या भरावात आणि गावरस्त्यावर चढवलेल्या कंटेनरमध्ये आहे, आणि ते चाळीसेक वर्षांत साचत गेले आहे. त्यामुळे या गावाला मासिक तक्त्यापेक्षा अपघातांच्या इतिहासाची गरज जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा इतिहास गोदामांच्या बराच आधी सुरू होतो. भिवंडी जुने व्यापारी गाव. कामवारी नदी आणि उल्हासची खाडी यांतून गलबतांनी माल यायचा-जायचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई–आग्रा रस्ता ठाण्याहून खाडी ओलांडून भिवंडी, शहापूर, थळ घाट करत नाशिककडे गेला. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली, पण ती भिवंडीला बगल देऊन. या एका गोष्टीने पुढचे बरेच काही ठरवले. यंत्रमागांसाठी येणारे सूत आणि तिथून निघणारे कापड मुख्यतः रस्त्यानेच हलत राहिले. पुढे दिवा–वसई मार्गावर भिवंडी रोड स्थानक झाले, तोवर ट्रक आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची घडी पक्की बसली होती. खाडीकाठच्या काल्हेर, कशेळी, अंजूर, माणकोली, दापोडे, गुंदवली, वळ, पूर्णा या गावांचा या व्यापारात वाटा मोठा नव्हता. ही मुख्यतः आगरी समाजाची गावे. भातशेती, मीठ आणि मासेमारी यांवर चालणारी. त्यांचे रस्ते घरापासून शेतापर्यंत आणि गावापासून बाजारापर्यंत जाण्यापुरते, आणि त्यांची रुंदीही तेवढ्याच गरजेची. दापोड्याच्या अपघातांबद्दल बोलताना ही रुंदी लक्षात ठेवावी लागते, कारण नंतर बाकी सगळे वाढले, रस्त्याचा मूळ आखीव घाट मात्र फारसा बदलला नाही.

गोदामे आली ती जकातीमुळे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर जकात भरावी लागे, आणि ती माल विकला जाण्याच्या आधी. व्यापाऱ्याचे भांडवल त्यात अडकून पडे. त्यामुळे माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, हे गणित कुणालाही सुचावे असे होते. ठाणे महापालिकेचीही जकात होतीच. खाडीपलीकडच्या ग्रामपंचायतींत मात्र ती नव्हती. शिवाय जमीन स्वस्त, माणकोली नाका मुंबई–नाशिक महामार्गाच्या वळणरस्त्यावर, आणि अहमदाबाद महामार्गावरच्या चिंचोटीहून कामण, अंजूरफाटा करत येणारा रस्ता याच नाक्याला मिळणारा. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तेव्हा शिळफाटा आणि मुंब्र्याकडून येणाऱ्या कंटेनरचीही त्यात भर पडली. दापोडे या साऱ्याच्या मधोमध आले. शेतात भराव पडला, पत्र्याचे गाळे उभे राहिले, गाळ्यांची कंपाउंडे झाली. ज्याची जमीन होती तो भाडे घेऊ लागला; ज्याची गेली तो टेम्पो, टँकर किंवा जेसीबी चालवू लागला; हमाल, माथाडी, चालक आणि क्लीनर राज्याबाहेरूनही आले. एवढा बदल झाला तरी कायद्याच्या नजरेत गाव ग्रामपंचायतच राहिले. २००७ मध्ये भिवंडीच्या परिसरातल्या ५१ गावांसाठी एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, तोवर गोदामांची पहिली मोठी लाट ओसरून दुसरी चढू लागली होती. आधी इमारत आणि मग आराखडा, असा हा उलटा क्रम.

या क्रमाचा अर्थ रस्त्यावर नेमका काय होतो, हे एका फाटकाशी थांबून पाहण्यासारखे आहे. ४० फुटी कंटेनर सुमारे बारा मीटर लांब; पुढचा ओढणारा ट्रक धरला तर लांबी १५ मीटरच्या वर जाते. माणकोली–अंजूरफाटा रस्त्यावरून असा ट्रेलर डावीकडच्या कंपाउंडमध्ये वळायचा असेल तर चालकाला आधी उजवीकडे सरकून जागा घ्यावी लागते, कारण वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, ती आतून कापत जातात. फाटक अरुंद असेल तर ट्रेलर एकदा आत, एकदा मागे, पुन्हा आत असा वळतो आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंची वाहतूक अडते. मागून आलेल्या दुचाकीस्वाराला ट्रेलर उजवीकडे गेलेला दिसतो आणि डावीकडे मोकळी जागा दिसते. तो तिथे शिरतो. चालकाच्या डाव्या बाजूला नेमका तोच पट्टा आरशात दिसत नाही. क्लीनर खाली उतरून हात दाखवत उभा असेल तर ठीक, नसेल तर दोघेही एकमेकांना न पाहता एकाच जागेत येतात. त्यात पावसाळ्यात आतल्या भरावाचा चिखल टायरला लागून रस्त्यावर येतो, रात्री फाटकावर दिवा असतोच असे नाही, आणि रांगेत उभे राहिलेले ट्रक पायी चालणाऱ्याची कडेची जागा खातात. या प्रसंगात कुणीही भरधाव नसताना माणूस मरू शकतो.

ज्या जकातीने गोदामे आणली, तीच पुढे गेली. ठाण्यातली २०१३ मध्ये आणि मुंबईतली १ जुलै २०१७ रोजी, जीएसटीबरोबर. मग गोदामांनी मुंबईत परतायला हवे होते. तसे झाले नाही. जीएसटीनंतर कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळे कोठार ठेवण्याची गरज उरली नाही. थोडी पण मोठी गोदामे परवडू लागली. भिवंडीत जमीन, दलाल, हमाल, ट्रान्सपोर्ट असे सगळे तयार होते. त्यात घरपोच खरेदीचा धंदा वाढला. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, केंद्राने ट्रकची भारमर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. रस्ते बांधणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे की रस्त्याचे नुकसान आसाच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर नुकसान जवळपास दुप्पट होते. खड्ड्यांचा दोष दरवर्षी पावसावर जातो. त्यात या निर्णयाचा वाटा कुणी मोजत नाही.

आता मासिक तक्त्याकडे वळू. त्याची पहिली अडचण निव्वळ गणिताची आहे. समजा, एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत महिन्याला सरासरी ४ अपघाती मृत्यू होतात आणि रस्त्यावर काहीच बदलत नाही. तरीही वर्षाच्या बारा महिन्यांत साधारण एका महिन्यात ७ किंवा अधिक मृत्यू, आणि साधारण एका महिन्यात १ किंवा शून्य मृत्यू, हे केवळ योगायोगाने होणार. पहिल्या महिन्याची बातमी ‘मृत्यूचा सापळा’ अशी होईल, दुसऱ्याची ‘मोहिमेला यश’ अशी. दोन्ही बातम्यांना आधार नाही. दुसरी अडचण दिवसांची. फेब्रुवारीत जानेवारीपेक्षा जवळजवळ दहा टक्के दिवस कमी असतात, त्यामुळे फेब्रुवारीतली घट काही प्रमाणात पंचांगानेच दिलेली असते. तिसरी अडचण नोंदीची. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमी दगावला तर तो अपघाती मृत्यू धरला जातो. २५ तारखेला जखमी झालेला माणूस पुढच्या महिन्याच्या १० तारखेला गेला, तर महिनाअखेरीच्या तक्त्यात तो ‘गंभीर जखमी’ असतो. आणि दापोड्याजवळचा गंभीर जखमी दापोड्यात राहत नाही. त्याला भिवंडीच्या इंदिरा गांधी रुग्णालयातून ठाण्याला, कळव्याला किंवा मुंबईला हलवतात. मृत्यूची पहिली नोंद त्या रुग्णालयाच्या हद्दीत होते आणि कागद फिरत फिरत मूळ ठाण्याकडे येतो. चौथी अडचण हद्दीची. दापोडे ग्रामपंचायत असले तरी त्याचे नारपोली पोलीस ठाणे ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, तर त्याच तालुक्यातला पडघ्याकडचा भाग ग्रामीण पोलिसांकडे. त्यामुळे एकाच गोदामपट्ट्याचे अपघात दोन वेगळ्या बेरजांत विरघळतात.

याहून मोठी अडचण नोंदीच्या साच्यात आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचे कलम २७९ हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले. तेव्हा रस्त्यावर घोडागाडी आणि बैलगाडी होती. हयगयीने मृत्यूला कारण होण्याचे ३०४-अ हे कलम १८७० मध्ये त्यात आले. जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक बदलले, पण चौकट तीच राहिली: गुन्हा व्हायला एक हाकणारा लागतो. त्यामुळे फिर्यादही हाकणाऱ्याभोवती लिहिली जाते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चार दिशांना काय आहे, रस्त्याची रुंदी किती, टायर घासल्याच्या खुणा किती लांब, काच कुठे पडली, हे येते. फाटक केव्हा उघडले, त्याला परवानगी कुणी दिली, वळणाला पुरेशी जागा ठेवली होती का, खांबावरचा दिवा कधीपासून बंद, हे विचारायला त्यात रकानाच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातले ७२ टक्क्यांहून अधिक अपघात अतिवेगामुळे झाले. हा आकडा वाचताना तो कोणत्या साच्यातून आला हेही वाचले पाहिजे. ज्या कागदाला चालकाची चूकच विचारता येते, त्यातून चालकाची चूकच बाहेर येणार.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चालक खरोखरच बेदरकार असतात. दारू पिऊन चालवतात, उलट दिशेने घुसतात, चौदा-सोळा तास झोपेविना गाडी हाकतात. रस्त्यावर खापर फोडून त्यांना मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. पण चालक रोज बदलतात, जागा तीच राहते. एकाच फाटकाशी, एकाच वळणाशी वर्षानुवर्षे वेगवेगळे चालक चुकत असतील, तर चुकीचा काही भाग त्या जागेचा आहे हे मान्य करावे लागते. सरकारी व्याख्याही हेच मान्य करते: महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. ही व्याख्या जागेची आणि तीन वर्षांची आहे; महिन्याला तिच्यात स्थान नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले आणि रस्त्याची आखणी वा देखभाल मानकांप्रमाणे न करणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची सोय झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कायदा जागेकडे पाहू लागला आहे. पंचनामा अजून हाकणाऱ्याकडेच पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाहने वाढली की अपघात वाढणारच, त्यात इतिहास शोधण्याचे कारण काय? असे असते तर वाहतूक थांबली की धोकाही त्याच प्रमाणात उतरला असता. २०२० हे वर्ष या तर्काची परीक्षा घेऊन गेले. टाळेबंदीमुळे देशातले अपघात आदल्या वर्षीच्या ४,४९,००२ वरून ३,६६,१३८ वर आले, मृत्यू १,५१,११३ वरून १,३१,७१४ वर. मात्र दर शंभर अपघातांमागे मृत्यूंचे प्रमाण ३३.७ वरून ३६ वर गेले. वाहने कमी झाली, पण झालेला अपघात अधिक जीवघेणा ठरला. उलट बाजूचे उदाहरण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले होते. राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी), महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी जागा हेरून कठडे, खुणा, थांबलेल्या गाड्या आणि रुग्णवाहिका यांवर काम केले. २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, तो आकडा ९२ वर आला होता. त्या तीन वर्षांत वाहने काही घटली नव्हती. दापोडे हा द्रुतगती मार्ग नाही, तिथले उपाय जसेच्या तसे इथे चालणार नाहीत, हे खरे. पण वाढती वाहने आणि वाढते मृत्यू यांची गाठ ब्रह्मदेवाने बांधलेली नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा. मासिक आकडे नसतील तर मनुष्यबळ कुठे, कधी लावायचे? पावसाळ्याआधी खड्डे बुजवायचे, सणाच्या दिवसांत अवजड वाहने थोपवायची, हे ऋतूंच्या हिशेबानेच होते. याचे उत्तर असे की मासिक नोंद ठेवावी, पण एकट्या महिन्यावरून निष्कर्ष काढू नये; पाच वर्षांतले सगळे जून एकत्र वाचावेत, दिवसागणिक सरासरी काढून. शिवाय गोदामपट्ट्याचे ऋतू शेतीच्या किंवा शहराच्या ऋतूंसारखे नाहीत. इथे गणपतीपासून दिवाळीपर्यंत माल भरण्याची घाई, आर्थिक वर्ष संपताना मार्चअखेर पाठवणीची घाई, आणि एप्रिल-मे मध्ये गावोगावच्या हळदी आणि लग्ने, म्हणजे रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर दुचाक्या आणि पायी माणसे. त्याहून महत्त्वाचा आहे तास. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. बंदी उठेपर्यंत ती खाडीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात आणि मुभा मिळाली की एकदम सुटतात. शहराची कोंडी टाळण्यासाठी केलेला हा नियम ओझे गावाच्या रात्रीवर टाकतो. मासिक तक्त्यात ही सरकलेली वेळ दिसत नाही. मग महिना वाढलेला दिसला की उपाय भलत्याच जागी होतो, नाक्यावर दिवसा हेल्मेटची मोहीम निघते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

चौथा आक्षेप गावातूनच येतो आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. गोदामांनी घरे बांधली, मुले शिकवली. अपघातांच्या नावाने त्यांच्यावर बंधने आली तर खायचे काय? पण फाटक रुंद करणे, ट्रक थांबायला आवारातच जागा सोडणे, वळणावर दिवा आणि चालणाऱ्यासाठी कडेला वेगळी पट्टी ठेवणे यांनी गोदाम बंद पडत नाही. त्याचा खर्च होतो, आणि खरा प्रश्न तो कुणी करायचा हा आहे. आज तो खर्च दुचाकीवरून कामाला जाणारा हमाल, शाळेतून परतणारे मूल आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी करतात. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जणांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि ३२,८२५ पादचारी. त्याच वर्षी ३०,४८६ माणसे अशा अपघातांत गेली ज्यांत ठोकणारा पळून गेला. अशा ‘अज्ञात वाहना’च्या मृत्यूला एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये मिळतात; त्याआधी २५ हजारांवर बोळवण होत असे. गोदामाचे भाडे एकाच्या खात्यात, मालाचा नफा दुसऱ्याच्या, आणि अपघाताचा भार तिसऱ्याच्या घरावर, ही विभागणी काही निसर्गाने केलेली नाही. जकातीची सीमा जिथे ओढली गेली, तिथून ती सुरू झाली.

या विभागणीला जबाबदार धरायला कुणी एक सापडत नाही, हीदेखील याच इतिहासाची देणगी. नियोजन एमएमआरडीएचे, महामार्गाच्या वडपे–ठाणे टप्प्याचे रुंदीकरण एमएसआरडीसीचे, आतले रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा जिल्हा परिषदेचे, गटार आणि दिवे ग्रामपंचायतीचे, वाहतूक आयुक्तालयाच्या नारपोली विभागाची. प्रत्येकाला हात झटकायला दुसरा आहे. आणि ओझे तर वाढतेच आहे: ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून ७०१ किलोमीटर धावत येणारी वाहतूक थेट भिवंडी तालुक्यात उतरू लागली. माणकोलीहून खाडी ओलांडून डोंबिवलीकडे जाणारा पूलही झाला. मोठे रस्ते जितके वेगाने माल आणून सोडतील, तितका शेवटच्या दोन किलोमीटरच्या गावरस्त्याचा दोष उघडा पडेल.

म्हणून मागणी अगदी साधी आणि करता येण्याजोगी आहे. अपघातांची नोंद आता ई-डार या संगणक प्रणालीत अक्षांश-रेखांशासह होते. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य ही खाती एकाच नोंदीत माहिती भरू शकतात. त्या नोंदीतून दापोडे, गुंदवली, माणकोली, वळ, पूर्णा या पट्ट्याचा पाच वर्षांचा एक तक्ता काढावा, ज्यात जागा, तास, फाटक, वाहनाचा प्रकार आणि मरणारा कोण होता हे असेल. व्यक्तींची नावे नकोत. त्याच्या शेजारी प्रत्येक फाटकाच्या आणि बांधकामाच्या परवानगीचे साल लिहावे. तो दरवर्षी ग्रामसभेत वाचावा, आणि ज्या खात्याच्या जागेवर सर्वाधिक मृत्यू झाले त्या खात्याच्या अभियंत्याने तिथे उत्तर द्यावे. मासिक आकडे येत राहतीलच, त्यांना कुणाची ना नाही. फक्त ‘या महिन्यात अपघात वाढले’ असे कुणी म्हटले, तर कोणत्या फाटकावर, कोणत्या तासाला आणि कुणाच्या परवानगीनंतर, हे तीन प्रश्न विचारण्याइतका पुरावा गावाच्या हातात असला पाहिजे.